ऑखनाड्रीचं वळण

महापेच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
ओढणी कानांवरून घेऊन
मी स्कॉटलंडमधलं एक गाव काढते.

गाव म्हणजे काय, अकरा छपरं.
एक पूल. बंद पडलेली पाणचक्की.
फोनचं लाल खोकं, ज्यात आता म्हणे पुस्तकं ठेवतात.
चर्च आहे, पण त्याला छप्पर नाही,
आणि छप्पर नसलेलं काहीही
तुटक रेघेनं काढायचं,
नियमावली, पान बेचाळीस.

नाव ऑखनाड्री.
आमचा टीम लीडर फर्नांडिस त्याला ऑचनाड्री म्हणतो.
मी सांगितलं, ख. खाडीतला ख.
ऑख म्हणजे शेत, त्यांच्या जुन्या भाषेत.
मला त्याचं नवल नाही.
आमच्या आळीलाही अजून खारआळीच म्हणतात,
आणि खार कधीच गेली
पेव्हर ब्लॉकच्या, डांबराच्या, मुरूमभरावाच्या खाली.

मेंढ्या दिसतात,
वाळत घातलेल्या तांदळातल्या कण्यांएवढ्या.
मेंढ्या काढायच्या नसतात.
जे हलतं ते नकाशात येत नाही.
दगडी बांध मात्र सगळे काढायचे,
टेकडीवर चढून पलीकडे
कुणाचंच काही नाही अशा जागी उतरणारेसुद्धा.
तीन महिन्यांत मी खुर्चीत बसून
चारशे किलोमीटर बांध घातले.
माझ्या बापाचा एकच होता,
आणि दर उधाणाला त्याला खांड पडायची.

मंगळवारी तिकडून शेरा आला.
पुलाच्या अलीकडे रस्ता वळतो.
तुम्ही तो सरळ केला आहे.
खाली नाव: मिसेस रॅट्री.
पत्ता: चक्कीपलीकडे. बस, एवढाच.

खरं होतं.
एक बटण असतं, हात थरथरला की रेघ गुळगुळीत करणारं.
मला वाटलं माझाच हात.
फर्नांडिस म्हणाला, दीड मीटर आहे ग,
चालतं तेवढं, पुढचा चौकोन घे.

मी पुढचा चौकोन घेतला नाही.

आमच्या सेक्टरचा रस्ताही
आळीच्या तोंडाशी विनाकारण डावीकडे झुकतो.
रिक्षावाले तिथे रोज आखणाऱ्याची आई काढतात.
पदूकाकाला एकदा विचारलं तर म्हणाला,
तय आपली उघारी व्हती, बाय.
भरतीचं पानी तय अरवाचं.
मोजणीवाल्याला चिखलान पाय घालाचा नवता,
त्यो गेला वळून.
उघाडीची फळी त्यानं काढून आणली होती.
अजून माळ्यावर आहे,
तिच्यावर जुन्या टीव्हीचा खोका.

आळीच्या नकाशासाठी मी कार्यालयात गेले होते मागे.
साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
राखाडी डाग होता.
काकाचं घर, आमचं, आतेचं, मारुतीचं देऊळ,
मासळी वाळवायचा ओटा,
सगळं मिळून एक डाग, कडेनं एक रेघ,
तीसुद्धा धड बंद झालेली नव्हती.
मी म्हटलं, साहेब, तुमचा बहुभुज उघडा राहिलाय.
त्यांना वाटलं मी टोमणा मारते.

मिसेस रॅट्री मला दिसत नाही.
हलत असेल.
बहुतेक कुत्रं घेऊन पुलापर्यंत जात असेल,
गुडघा दुखत असेल,
आणि वळणावर कशाला तरी धरत असेल हात टेकून,
फाटक असेल, खांब असेल,
वरून कळत नाही.

मी सहा टिंबं वाढवली.
रस्ता हळूहळू वाकडा झाला.
शेऱ्यापुढे लिहिलं: दुरुस्त.
मग ते खोडून लिहिलं: आहे.
फर्नांडिसनं पुन्हा 'दुरुस्त' केलं, कारण यादीत 'आहे' हा पर्याय नाही.

रात्री अकराला गाडी सोडायला आली.
तिकडे अजून उजेड असेल, उन्हाळा आहे त्यांचा.
ड्रायव्हर नवा होता. आळीपाशी ब्रेक दाबून म्हणाला,
मॅडम, हा रस्ता इथे असा का?

मी म्हटलं, जरा दमानं घ्या.
भरती आहे.